कागदाच्या मागच्या बाजूने

१

मला वाटलं होतं, बंदुकांचं दुकान अंधारं असेल. काउंटरमागे जाड मनगटाचा कोणीतरी गुर्मीत उभा असेल, भिंतीवर मेलेल्या जनावरांची मुंडकी असतील, आणि आईकडे पाहून तो हसेल. त्या माणसाशी भांडायची मी पूर्ण तयारी करून गेले होते. सहा वर्षं दूरदेशी सार्वजनिक आरोग्य शिकले, त्यातली दोन वर्षं फक्त एका विषयात घालवली: घरात ठेवलेल्या बंदुकीने घरातल्याच माणसांना होणाऱ्या इजा. आकडे तोंडपाठ होते. परत येऊन चार लोकांचे जीव वाचवायचे, असं ठरवून आले होते, आणि आल्या आल्या पहिली केस निघाली ती आमच्याच घरात.

दुकान निघालं चष्म्याच्या दुकानासारखं. स्वच्छ काचा, पांढरे दिवे, कुंडीत एक रोप. काउंटरमागे विटका स्वेटर घातलेले एक गृहस्थ. ते पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी आईला खुर्ची दिली, तिचा उजवा हात एका तपकिरी कागदावर पालथा ठेवला आणि पेन्सिलीने त्याची कड गिरवली. शांतपणे, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मग पट्टी लावून तर्जनीच्या पेराचं माप घेतलं.

"ताई, लोक बंदूक डोळ्यांनी निवडतात," ते म्हणाले. "ती हाताने निवडायची असते."

आईने काचेतल्या एका इवल्याशा पिस्तुलाकडे बोट दाखवलं. "हे बरं दिसतंय. पर्समध्ये मावेल."

"मावेल. पण जितकं छोटं आणि हलकं, तितका धक्का जास्त. दोनदा चालवाल, तिसऱ्यांदा घाबराल. घाबरलात की सराव सोडाल. सराव नसलेली बंदूक घरात ठेवण्यापेक्षा लाटणं ठेवा."

मग त्यांनी एक मोठं पिस्तूल दिलं आणि वरची पट्टी मागे ओढायला सांगितली. आईचा अंगठा संधिवाताने धरलेला. तिने दात आवळून ओढलं, पट्टी अर्धवट आली आणि परत गेली.

"मग रिव्हॉल्व्हर," मास्तर म्हणाले. "पाच गोळ्या. ओढाओढी नाही, फक्त चाप. चाप जड आहे, पण जडच बरा. चुकून दाबला जात नाही."

"चुकूनच दाबला जातो," मी म्हटलं. "माझ्याकडे आकडे आहेत."

"बरोबरच असणार आकडे, प्रोफेसरबाई. म्हणून मी आधी कुलपाची पेटी विकतो, मग बंदूक." आणि त्यांनी खरंच काउंटरखालून पेटी काढली.

माझा सगळा राग असा वाया जात होता. प्रत्येक मुद्दा ते मान्य करत आणि आईला आणखी एक वस्तू दाखवत. मी इतकी वैतागले की काउंटरवरची त्यांची पेन्सिल कधी हातात घेतली आणि कधी खिशात टाकली, मला कळलंच नाही.

आईला बंदूक कशाला हवी होती, हे सांगायला हवं. बाबा गेल्यापासून ती एकटी राहत होती. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ती झोपलेली असताना कोणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तोडून आत आलं. तिला जाग आली तेव्हा एक पाठमोरा माणूस पॅसेजमधून शांतपणे बाहेर चालला होता. काही नेलं नाही, काही उचकटलं नाही. तो पलंगाशी येऊन उभा राहिला होता, एवढंच. पलंगाजवळ ओल्या बुटांचे दोन ठसे होते. चोर असता तर आई विसरून गेली असती. तो नुसता बघून गेला, हे तिला सहन होत नव्हतं.

"मी काय करू मग? तुझे आकडे उशाशी घेऊन झोपू?" असं तिने मला फोनवर विचारलं होतं. तेव्हाच मी परतीचं तिकीट काढलं. मी पोचेपर्यंत तिने परवानाही काढून ठेवला होता.

२

दुकानाच्या तळघरात चांदमारी होती, नेमबाजीच्या सरावाची. एकच लांबट खोली, एका वेळी एकच जण. अलीकडे कमरेइतका ओटा, पलीकडे पोलादी पत्रा आणि त्यापुढे वाळूचा तिरका ढीग. मधोमध एका तारेवर कागद लटकायचा, त्यावर माणसाची कमरेपर्यंतची काळी आकृती. बटण दाबलं की कागद खडखडत पुढे जायचा, पुन्हा दाबलं की परत यायचा. ओट्यामागे प्लायवुडच्या भिंतीला लागून पाच प्लास्टिकच्या खुर्च्या, सोबत आलेल्यांसाठी. मी रुसून डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

आईने कानावर आवाज अडवणारे मफ चढवले, डावी टाच जराशी उचलली आणि पाच गोळ्या झाडल्या. कपाट लावावं तशी, एकामागून एक, प्रत्येकीनंतर नीट श्वास घेत. रिकाम्या पुंगळ्या डब्यात टाकल्या. तीस वर्षं ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत बसायचं तिचं काम. तो हात तिने अजून जपला होता. कागद परत आला तेव्हा आकृतीच्या छातीवर चार भोकं होती, वाटीने झाकता येतील इतकी जवळ.

"जमतंय की गं मला!" ती म्हणाली. इतकी खूश मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिली नव्हती. आणि मला तेच नको होतं.

परत येताना ती औषधांच्या दुकानात उतरली. मी गाडीत, कागद माझ्या मांडीवर उपडा. खिशात मास्तरांची पेन्सिल. पाच गोळ्या, चार भोकं. दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या असणार, एवढं मलाही कळत होतं. पण आईला ते सिद्ध करता येणार नव्हतं. मी पेन्सिलीचं टोक कागदाच्या मागून रोवलं आणि पेन्सिल अर्धी आरपार सारली. कागदाने एक बारीक टच्च आवाज केला. सरळ करून पाहिलं, तर आकृतीच्या डाव्या कानापासून बरंच बाहेर, कडेजवळ, एक छान भोक.

मला अजिबात वाईट वाटलं नाही. एका चांगल्या कामासाठी एक भोक, एवढंच वाटलं.

घरी गेल्यावर म्हटलं, "ही बघ तुझी पाचवी गोळी. माणसाच्या बाहेरून गेली. घरात असतीस तर भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पलंग आहे."

आईने टेबलाच्या खणातून भिंग काढलं, कागद उजेडात धरला, भोक बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हं," ती म्हणाली. आणि तो कागद पॅसेजमध्ये, बाबांच्या फोटोशेजारी चक्क टाचून टाकला. "पहिला आहे. राहू दे."

३

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले, कारण घरी बसून तिची वाट बघणं जास्त त्रासाचं होतं. या वेळी डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मास्तरांनी कागदांचा गठ्ठा ठेवला होता.

पाच गोळ्या. पाच आवाज मी मोजले. कागद परत आला. छातीवर पाच भोकं, स्पष्ट, वेगवेगळी. आणि डाव्या दंडाच्या किंचित बाहेर सहावं.

पेन्सिल माझ्या खिशात होती. कागद ओट्यावर होता. मी त्याला हात लावला नव्हता.

"मास्तर, हा कागद वापरलेला होता का?"

"गठ्ठा तुमच्यासमोर फोडला, प्रोफेसरबाई."

मी कागद उलटा केला. गोळी आत शिरते त्या बाजूला भोकाभोवती शिशाची राखाडी कड उमटते आणि बाहेर पडते तिकडे कागद फाटून वर येतो, हे माझ्या अभ्यासातलंच होतं. पाच भोकांच्या राखाडी कडा पुढच्या बाजूला होत्या. सहाव्याची कड मागच्या बाजूला होती, आणि फाटलेला कागद पुढे, आईच्या दिशेला वर आलेला.

मी ते मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पत्र्यावरून एखादा तुकडा उडून परत येतो कधी कधी."

"तुकड्याचं भोक इतकं गोल असतं?"

"नसतं." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पण मग काय म्हणायचंय तुमचं? मागून कोणी मारली? मागे वाळू आहे. वाळूमागे पत्रा, पत्र्यामागे माती, आणि रस्ता तर वर. रस्त्यावरून भाजीची गाडी गोळ्या मारत गेली?"

आई हसली. मीही हसले असते. उत्तर सोपंच असणार होतं; उडालेला तुकडा, खराब कागद, माझी झोप. विमानप्रवासाला तीन आठवडे झाले तरी माझी झोप ठिकाणावर नव्हती. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि घरी जाताना कागद आईलाच धरायला लावला. आईने तोही पॅसेजमध्ये लावला. लावताना माझ्याकडे एकदा पाहिलं.

४

तिसऱ्या बुधवारी मी अभ्यासकासारखी वागायचं ठरवलं. लटकवण्याआधी कागद पुढून मागून तपासला, कोपऱ्यात माझी सही केली. पुंगळ्या मोजायचं मास्तरांना बजावलं. ते म्हणाले, "परीक्षा आमची की ताईंची?" मग नीट दिसावं म्हणून मी एक खुर्ची ओढून जवळजवळ आईच्या पाठीमागे नेली.

चौथ्या गोळीनंतर आई थबकली. मफवर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. कानाजवळून काहीतरी गेल्यासारखं वाटलं. चिलट असेल."

तळघरात चिलटं नव्हती. तिने पाचवी झाडली. कागद परत आला. माझी सही जागच्या जागी होती. सहावं भोक आकृतीच्या गळ्याखालच्या डाव्या हाडावर होतं. कड मागून.

घरी आल्यावर आई फिरायला गेली आणि मी पॅसेज मोकळा केला. आमचा पॅसेज चांदमारीइतकाच लांब आहे, निदान पावलं तितकीच भरली. मध्यावर कपड्यांच्या दोरीला कागद लटकवला. टोकाच्या दाराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर एक टाचणी मारली. तिथे वाळूचा ढीग आहे असं धरायचं. टाचणीला आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधला, तो कागदाच्या भोकातून ओवला आणि ताणत अलीकडच्या भिंतीपर्यंत आणला. मधे स्टूल ठेवलं होतं, आई उभी असते त्या जागी.

आजच्या कागदाचा दोरा स्टुलाला घासून गेला आणि भिंतीशी पोचला, तो माझी खुर्ची होती तिथे. बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर.

योगायोग. मी दुसरा कागद लावला. दोरा दुसऱ्या खुर्चीच्या जागी गेला. तिथेही तीच उंची.

पहिला कागद लावायची गरजच नव्हती. ते भोक मी पाडलं होतं, गाडीत बसून, अंदाजाने, पेन्सिलीने. तरी लावला. दोरा ताणला. तो सरळ डाव्या कोपऱ्यात गेला.

मी दोरा हातात धरून उभी होते. पॅसेजमध्ये दुपारचं स्वच्छ ऊन होतं, खाली कोणीतरी गाडी धूत होतं, बाबा फोटोतून हसत होते. मला भीतीपेक्षा संताप जास्त आला. सहा वर्षं शिकले ते याच्यासाठी? दोरा आणि टाचणी? मी सगळं उतरवलं, कागद होते तसे टाचले आणि दाराला पडलेलं टाचणीचं भोक बोटाने दाबत बसले, ते बुजणार असल्यासारखं.

मग एक साधा, शहाणपणाचा विचार सुचला. जे काही मागून येतंय ते माझ्या खुर्चीच्या रोखाने येत असेल, तर मी जायचंच नाही. आई तिच्या पाच गोळ्या झाडेल आणि घरी येईल.

५

चौथ्या बुधवारी डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहिले. नव्या नोकरीच्या ऑफिसात द्यायचं एक भाषण लिहीत बसले; विषय अर्थातच घरातलं शस्त्र. तीन वाक्यांपुढे गेले नाही.

आई साडेपाचला आली. कागदाची गुंडाळी पॅसेजमध्ये ठेवली, हातपाय धुतले, कपडे बदलले, चहा टाकला. मी तासभर त्या गुंडाळीकडे बघितलं नाही. मग बघितलं.

सहावं भोक बरोब्बर मधोमध होतं. छातीच्या हाडावर. आईच्या पाच भोकांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं.

"आई, तुझा स्वेटर कुठाय?"

"धुवायला टाकलाय. का गं?"

मी तो बादलीतून बाहेर काढला. वरून तिसरं बटण अर्धंच होतं, चावल्यासारखं.

"हे कधी तुटलं?"

"कुठेतरी अडकलं असेल. तू काय आता बटणांचाही अभ्यास करणार?"

"छातीवर काही लागलंय का? दाखव."

"काय दाखव?"

तिने गळ्याजवळची कड जरा खाली केली, ती माझं समाधान व्हावं म्हणूनच. मधोमध एक लाल ठिपका होता, डास चावल्याएवढा.

तेव्हा मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, हातात ओला स्वेटर घेऊन. पेन्सिल, गाडी, पहिलं भोक. मग माझी नसलेली भोकं, राखाडी कडा, दोरा, खुर्च्या. तिने चहा गाळला, दोन कप भरले, माझा माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "अगं, गोळी गोल असते. पेन्सिल षट्कोनी. भिंगाखाली सहा कोपरे दिसत होते, त्यावर शिसपेन्सिलीची चमक. माझं आयुष्य गेलं भिंगामागे. मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, एवढ्या लांबून आलीये, थकलीये, माझी काळजी करतेय. करू दे एक भोक. पण तू थांबेचनास! दर आठवड्याला एक. आणि वर माझ्यासमोरच विचारतेस, हे कुठून आलं!"

"बाकीची मी नाही केली, आई."

"नाही ना. भुताने केली."

"आज तर मी आलेही नव्हते!"

"कागद तासभर पॅसेजमध्ये पडला होता. तू पॅसेजच्या तोंडाशी बसली होतीस." तिने कप खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "हे बघ, तुला बंदूक आवडत नाही, नको आवडू दे. भांड माझ्याशी. पण माझ्या कागदांना हात लावू नकोस. त्या दुपारनंतर माझा हात इतका थरथरायचा की किल्ली कुलपात जात नव्हती. आता थरथरत नाही. तेवढं मला राहू दे."

मी खोटं बोलले होते आणि ती खरं बोलत होती. तिने जाणं थांबवावं म्हणून मी आणखी काहीही सांगितलं असतं, तरी ती माझी पेन्सिलच ठरली असती. पेटीची किल्ली लपवावी, असंही मनात आलं. पण मास्तर तिला दुकानातलं रिव्हॉल्व्हर सरावाला देणार, आणि कागद तोच, तार तीच, वाळू तीच.

मी नसले की ते सरळ येतं. एवढंच मला कळलं होतं.

६

पाचव्या बुधवारी मी गेले. जिना उतरताना आई एवढंच म्हणाली, "खिसे रिकामे कर." मी केले. पेन्सिल मी घरीच ठेवली होती.

मास्तरांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "आज वातावरण तंग आहे."

"माझ्या मुलीला विचारा. तिला सगळं माहीत असतं."

मी मधल्या खुर्चीवर बसले नाही, कोपऱ्यातल्याही नाही. दुसऱ्या खुर्चीच्या टोकावर बसले, वेळ आली तर हलता यावं म्हणून. कुठे हलायचं ते ठरवलं नव्हतं.

एक. दोन. मी आईच्या पाठीकडे बघत होते. धुतलेला स्वेटर, नवं बटण, डावी टाच उचललेली. तीन. दर गोळीनंतर कागद हलायचा आणि तारेवर स्थिर व्हायचा. चार. आजही आई थबकली, पण मफला हात लावला नाही, माझ्यावरच्या रागानेच लावला नाही. पाच.

तिने बटण दाबलं. मोटर घरघरली. कागद निघाला आणि निघताना तारेवर तिरपा फिरला, दार किलकिलं व्हावं तसा.

मागे वाळू नव्हती.

वाळूच्या जागी खोली पुढे चालू होती. तेवढीच लांब, तेवढेच पांढरे दिवे. दुसऱ्या टोकाला कमरेइतका ओटा होता आणि ओट्यापाशी कोणीतरी उभं होतं. चेहरा दिसला नाही, दोन्ही हात समोर धरलेले होते. डावी टाच उचललेली. तिच्यामागे प्लायवुडची भिंत आणि खुर्च्यांची रांग. खुर्च्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यातली आडवी पडलेली होती, आणि ती कोणी उचलून ठेवली नव्हती.

त्या बाईचे हात आईवर रोखलेले होते असं मला क्षणभर वाटलं. मग मी घाबरून डावीकडे सरकले, आणि ते हात माझ्याबरोबर सरकले. आईच्या खांद्यावरून, अगदी सावकाश, प्रत्येक हालचालीआधी नीट श्वास घेत.

ती आईकडे बघतच नव्हती. आई फक्त मधे येत होती.

मी ओरडले. डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जवळजवळ पडलेच. कागद फडफडला, सरळ झाला, खडखडत आईपाशी येऊन थांबला. त्याच्यामागे वाळू होती. तिरकी, पिवळी, पाच गोळ्यांचे खळगे पडलेली वाळू.

"चांदमारीत ओरडायचं नसतं!" मास्तर इतके चिडलेले मी प्रथमच पाहिले. "ताईंच्या हातात भरलेली बंदूक असती तर? तुम्हीच सांगा, आकडे काय म्हणतात?"

"रिकामी होती," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं तुला? काय झालं बाळा?"

मी कागद ओढून घेतला. कागदावर आईची पाच भोकं होती. सहावं डाव्या कानापासून बरंच बाहेर, कडेजवळ होतं. पहिल्या दिवशी मी गाडीत पाडलं होतं, अगदी तिथेच.

उठताना भिंतीला हात टेकला तेव्हा बोटाला काहीतरी लागलं. कोपऱ्यातल्या खुर्चीच्या मागे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, प्लायवुडमध्ये एक खळगा होता. ताजा, आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. मी तो मास्तरांना दाखवला नाही. त्यांनी काय विचारलं असतं ते मला ठाऊक होतं.

आईचा स्वेटर मात्र मी जिन्यातच तपासला. सगळी बटणं जागेवर होती. गळ्यापाशी नवा ठिपका नव्हता. गेल्या आठवड्याचा फिका पडत चालला होता.

७

सकाळी मी उठून आले तेव्हा आई टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून रिव्हॉल्व्हर साफ करत होती. गोळ्यांची पाचही घरं उघडी, रिकामी, खिडकीतून आलेला उजेड त्यांच्यातून आरपार जात होता. तेलाचा वास घरभर होता. पॅसेजमध्ये चार कागद टाचलेले होते. पाचवा तिने गुंडाळून कोपऱ्यात उभा ठेवला होता.

"मी विचार केला रात्रभर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुला इतका त्रास होत असेल तर तू येऊ नकोस. मी एकटी जात जाईन. मला जमतं आता."

"नाही," मी म्हटलं. "मी येणार. दर बुधवारी. एकही चुकवणार नाही."

ती थांबली. हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि तुझं ते भाषण?"

"देईन ना. ते वेगळं."

"परत ओरडणार नाहीस?"

"नाही. पण मी डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणार. मास्तरांना सांग, तिथे गठ्ठे ठेवू नका. ती खुर्ची माझी."

"तिथून तुला काही दिसतं का? पार कडेला. मधे बस की, माझ्यामागे."

"मधे नाही बसणार."

तिने मला नीट निरखलं, पूर्वी प्रयोगशाळेत काचपट्टी निरखायची तशी. मग हसली. तिला वाटलं, शेवटी मला पटलं. तिने उठून माझ्या केसांवरून हात फिरवला, तेलकट बोटं वर धरून, नुसत्या मनगटाने. आणि तो हात अजिबात थरथरत नव्हता.

"बरं बाई. कोपऱ्यात तर कोपऱ्यात," ती म्हणाली. "आणि मास्तरांची पेन्सिल परत करायची. आठवणीने."

"करते," मी म्हटलं. आणि बुधवारला किती दिवस उरलेत ते मोजलं.